कमरेला बांधलेला प्लग

मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, माझी ना नाही. माझा रंग कधीकाळी लाल होता, आता तो जुन्या विटेसारखा झाला आहे. सीटला दोन ठिगळं आहेत आणि डावा आरसा कुठल्याशा बाभळीने कधीच ठेवून घेतला. पण मला भंगार म्हणायचं नाही. तो शब्द मी एकदा ऐकला आहे, आणि ज्याने म्हटला त्याला तो नंतर सगळ्या गावासमोर गिळावा लागला आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाच्या पोटात वसलेल्या बोडीटोल्याची, लटारूभाऊंची मोटारसायकल आहे. माझी कहाणी ऐका, म्हणजे माझ्या वयाला एवढा तोरा कशाचा, ते कळेल.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे लोखंड होतं, रबर होतं आणि घाईही भरपूर होती. माझ्या इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. ते ॲल्युमिनियमचं असतं, म्हणजे हलकं पण मऊ. हेडला एक गोल भोक असतं आणि भोकाच्या आत बारीक आटे कापलेले असतात. आमच्याकडचे मेकॅनिक त्याला चुडी म्हणतात. या चुडीत स्पार्क प्लग फिरवून घट्ट बसवायचा. प्लग ठिणगी देतो, पेट्रोल पेट घेतं आणि मी पळते. कारखान्यातल्या एका बाईने माझा पहिला प्लग बोटांनीच फिरवून बसवला. तो इतका अलगद आत गेला की मला गुदगुल्या झाल्या. त्या बारीक आट्यांवर माझा सगळा जीव टांगलेला आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं!

पहिली काही वर्षं मी कोरपन्याला एका गुरुजींकडे काढली. तिथे सिमेंटची धूळ अशी उडायची, की सकाळी लाल असलेली मी संध्याकाळी करडी व्हायची. गुरुजी मला रोज फडक्याने पुसत. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी लटारूभाऊंच्या दारात येऊन उभी राहिले.

लटारूभाऊ जातीने ढिवर. पहाटे गावतळ्यात जाळं टाकायचं, मासोळ्या काढायच्या आणि त्या ताज्या असतानाच आठवडी बाजार गाठायचा, हे त्यांचं काम. आधी ते सायकलवर जात. मी आले त्या दिवशी त्यांच्या सुनेने, धुरपताने, मला ओवाळलं आणि हेडलाइटला हळदीकुंकू लावलं. तिचा नवरा धनराज राजुऱ्याकडे खाणीच्या ट्रकवर होता, त्यामुळे घरात हे दोघंच. बाजारात लोक माझा आवाज ओळखू लागले. मी वळणावर असतानाच म्हणायचे, ‘लटारूची गाडी आली, रोहू आला.’ माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता मुख्य गोष्ट सांगते. माझं हँडल लॉक गुरुजींच्या काळातच बिघडलं होतं. लटारूभाऊ मला तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली उभी करत आणि स्वतः छातीभर पाण्यात उतरत. आपण पाण्यात आणि गाडी काठावर, ही कल्पना त्यांना सोसवेना. मग त्यांनी एक युक्ती काढली. गाडी थांबली रे थांबली, की कमरेचा प्लगपाना काढायचा, प्लग खोलायचा, दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधायचा आणि दुपट्टा कमरेला गुंडाळून पाण्यात शिरायचं. प्लग नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर गाडी नाही.

“प्लग माह्या कमरेले हाय,” ते ऐटीत सांगत. “आता कोनता चोर नेते गाडी, पाहू!”

गावाला ही युक्ती इतकी आवडली, की बघता बघता सगळ्यांनी उचलली. मोहफुलं वेचायला जाणारे, तेंदूपानं तोडायला जाणारे, सगळे गाडी थांबताच आधी प्लग खोलायचे. जंगलाच्या कडेला आम्ही गाड्या ओळीने उभ्या असायचो, बिनप्लगाच्या. बोडीटोल्यात गाडी चोरीला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण ती कधी जातच नव्हती की प्लगामुळे जात नव्हती, हे कोण बघणार?

मला मात्र दर वेळी कळ यायची. इंजिन तापलेलं असताना ॲल्युमिनियम नरम पडतं आणि प्लगला घट्ट धरून बसतं. अशा वेळी पाना लावून जोर केला, की प्लग निघतो, पण आट्यांची कड खरवडून निघतो. वर दुपट्टा तळ्यात भिजलेला. त्यातली बारीक वाळू प्लगला चिकटायची आणि परत बसवताना माझ्या चुडीत कानशीसारखी फिरायची. लटारूभाऊंनी मला जीव लावला होता, यात शंका नाही. त्यांनी मला कधी चिखलात ठेवलं नाही, कधी पाडलं नाही. त्यांच्या त्या मायेनेच माझे आटे झिजत गेले.

हळूहळू प्लग सैल बसू लागला. चढावर फुसफुस आवाज यायचा आणि माझी ताकद कमी पडायची. लटारूभाऊंनी यावर आपल्या धंद्यातला उपाय केला. जाळं विणायचा नायलॉनचा दोरा त्यांनी प्लगभोवती गुंडाळला आणि प्लग ठोकून बसवला. दोरा बाजारापर्यंतही टिकला नाही. जळून असा घाण वास सुटला, की मासोळ्या घ्यायला आलेली गिऱ्हाइकं नाक दाबून पळाली. मग त्यांनी तांब्याची तार गुंडाळली. ती थोडी टिकली, पण उरलेसुरले आटेही तिने खाल्ले.

शेवटी एकदा ऐन बाजारात, भरल्या लोकांत, माझा प्लग बंदुकीसारखा आवाज करून उडाला. तो वायरला लोंबकळत राहिला, शेजारच्या कोंबड्यांनी धूम ठोकली आणि सगळा बाजार हसला. लटारूभाऊ हसले नाहीत. त्यांनी मला जंगलाच्या वाटेने ढकलत घरी आणलं. वाटेत ते एकदाच बोलले. “थकली वं तू,” म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी कुडाच्या भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या सीटवर कोंबडी बसू लागली, हँडलवर कारल्याचा वेल चढला. शेजारचा प्रफुल एकदा येऊन मला न्याहाळत म्हणाला, “काका, भंगार हाय हे आता. भंगारवाला आला का देऊन टाक.” धुरपता कारल्याला पाणी घालता घालता फणकारली, “प्रफुलभाऊ, तुमची गाडी तरी कुठी धड हाय? कालच तर ढकलत आनली.” खरंच होतं ते. प्लग कमरेला बांधण्याच्या खुळापायी जवळजवळ सगळ्या गावाच्या गाड्या फुसफुसत होत्या. प्रफुल खाली मान घालून निघून गेला.

आणि मग त्या पावसाळ्यात ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे सगळं सांगते आहे.

बोडीटोल्याचं तळं वर्षानुवर्षं बाहेरचा ठेकेदार घ्यायचा. मासोळ्या त्याच्या, लटारूभाऊंसारख्या गावातल्यांनी मजुरीवर नुसतं जाळं ओढायचं आणि त्याचा माल बाजारात विकायचा. त्या वर्षी धुरपता आणि मनकर्णाबाईंच्या बचत गटाने ग्रामसभेत तळं मागितलं आणि ग्रामसभेने दिलं. पण एका अटीवर. भाताची रोवणी संपायच्या आत बायांनी तळ्यात मासोळीचं बीज सोडून दाखवायचं, नाहीतर तळं पुन्हा ठेकेदाराकडे. बीज म्हणजे बोटाएवढी जिवंत पिल्लं. ती सरकारी मत्स्यबीज केंद्रावर प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि हवा भरून देतात. गटाला दिवस नेमून मिळाला होता. तो चुकला, तर हंगामात पुन्हा बीज मिळणार नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, खचला आणि टेम्पोची वाट बंद झाली. बैलबंडी नाला ओलांडून जाऊ शकत होती, पण बंडीने यायला दिवस मोडतो आणि तोवर पिशवीतली हवा संपते. मोटारसायकलच हवी, तीही मधे बंद न पडणारी, आणि तशी गावात एकही उरली नव्हती. मनकर्णाबाईंनी डोक्याला हात लावला. “गेलं वं तळं,” त्या म्हणाल्या. “आपल्या नशिबी नुसतं जाळं ओढनंच हाय.”

धुरपता उठली. तिने माझ्या हँडलवरचा कारल्याचा वेल उलगडून अलगद कुडावर सोडला, सीटवरची कोंबडी हाकलली आणि म्हणाली, “मामाजी, बंडी जुंपा. गाडी सिंदेवाहीले नेऊ. दुरुस्त नाई झाली, तं मंग पाहू.”

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. इतके दिवस कोंबडीचं खुराडं झालेली मी, आणि गावाचं तळं माझ्या चाकांवर!

बंडीत आडवी पडून, धक्के खात मी सिंदेवाहीला इसरूभाऊंच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या कारखान्यात, पोचले. इसरूभाऊ मोजकं बोलणारे आणि तिरकस. त्यांनी माझ्या भोकात बॅटरीचा उजेड मारला, चिमट्याने काहीतरी ओढून बाहेर काढलं आणि वर करून पाहिलं. काळा पडलेला नायलॉनचा तुकडा होता. मग त्यांनी बोट फिरवलं, तर बोटाला वाळू लागली.

“हे इंजिन हाय का तळं हाय गा?” त्यांनी विचारलं. “याच्यात जाळं बी हाय, रेती बी हाय. मासोळ्या तेवढ्या दिसून नाई राह्यल्या.”

लटारूभाऊ ओशाळले. त्यांनी प्लग कमरेला बांधायची सगळी हकीकत सांगितली. इसरूभाऊंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

“गरम इंजिनाचा प्लग रोज खोलतेस? ॲल्युमिनियम तवा लोन्यावानी असते. तू रोज थोडं थोडं लोनी काढून नेलं. आता भोकच रिकामं झालं.”

“मंग चोर गाडी नेन ना!”

“हे गाडी?” इसरूभाऊंनी मला डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत मोजलं. “कोन नेते रे बावा हे गाडी!”

मला त्यांचा रागच आला. पण पुढे त्यांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांना शंभरदा माफ करीन.

त्यांनी धुरपताला समोर बसवून नीट समजावलं. या जुन्या गाडीचं नवं हेड आता कुठे मिळत नाही. हेच भोक मोठं करायचं, त्यात नवे रुंद आटे कापायचे आणि पोलादाची बुश बसवायची. बुशच्या बाहेरून आटे, आतूनही आटे. बाहेरचे हेडला धरतील, आतले प्लगला. “पन भोक एका बाजूले जराकसं कललं, का हेड गेलं,” ते म्हणाले. “मंग मात्र हे खरंच भंगार. बोल बाई, करू का?”

धुरपताने माझ्या टाकीवर हात ठेवला. “करा भाऊ,” ती म्हणाली.

त्यांनी माझं हेड उतरवलं, रॉकेलने धुतलं आणि मशिनीवर आवळून बसवलं. काटकोन तपासायचा गोनिया लावून एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग बिडी विझवून तिसऱ्यांदा पाहिलं. भोक मोठं झाल्यावर आटे कापायचा टॅप हातात घेतला. टॅप थोडा पुढे फिरवायचा, मग मागे घ्यायचा, कीस झटकायचा, रॉकेलचा थेंब सोडायचा, पुन्हा पुढे. त्यात कुठे घाई नव्हती. धुरपताने मधे एकदा विचारलं, “उशीर तं नाई ना होऊन राह्यला?” इसरूभाऊंनी वर न बघता सांगितलं, “घाईनंच तं खराब झाली हे.”

मग त्यांनी लेथवर पोलादाची बुश कापली, ती फिरवून पक्की बसवली आणि वरच्या कडेला पंच मारून जागेवर अडकवली. शेवटी नवा प्लग घेतला. पाना बाजूला ठेवून त्यांनी तो धुरपताच्या हातात दिला. “बोटानंच फिरव,” म्हणाले. “बोटानं जाते तवरच तो सरळ हाय. अडला तं जोर नाई करायचा, मागं घ्यायचा. पाना एकदम आखरीले.”

धुरपताने प्लग फिरवला. तो अलगद आत गेला, शेवटपर्यंत. मला पुन्हा गुदगुल्या झाल्या. हेड चढवलं, किक मारली आणि मी अशी धडधडले, की लेथवरची दोन-चार माणसं काम सोडून बघायला आली. माझा ऊर भरून आला होता. इसरूभाऊंनी लटारूभाऊंना तेवढीच ताकीद दिली, “बुश नवी हाय. गरम गाडीचा प्लग खोलला, तं बुश बी संगं येईन. मंग माह्याकडे येऊ नको.” लटारूभाऊंनी कानाला खडा लावला.

धुरपता मला चालवायला कधीच शिकली होती; नेमलेल्या दिवशी तिने पदर खोचला आणि मला चालवत केंद्रावर नेलं. मागे लटारूभाऊ बसले. परत निघताना माझ्या दोन्ही बाजूंना बांबूची डाली होती, डाल्यांत ओली पोती आणि पोत्यांत बिजाच्या फुगलेल्या पिशव्या. आत हजारो पिल्लं चमचमत होती. केंद्रावरच्या माणसाने बजावलं होतं, “कुठी थांबू नका. दुपार कलायच्या आत तळ्यात सोडा.”

नाला मी पोटापर्यंतच्या पाण्यातून पार केला. चढ आला, मी फुसफुसले नाही. ऊन तापलं, मी कुरकुरले नाही. आणि अर्ध्या वाटेवर, वळणापलीकडे, रस्त्यात रानगवे उभे होते. सगळा कळप, मधे वासरं. धुरपताने मला हळूच थांबवून बंद केलं. गव्यांसमोर आवाज करायचा नसतो, हे तिकडच्या लेकरांनाही कळतं.

लटारूभाऊ मागून उतरले. गव्यांवर नजर, तोंडाने देवाचं नाव. आणि मित्रांनो, त्यांचा हात आपोआप कमरेला गेला. जंगलात गाडी थांबली, की प्लग काढायचा. इतक्या वर्षांची सवय, डोक्याला विचारत नाही. पाना निघाला, ते वाकले, त्यांनी प्लगवरची वायरची टोपी उपटली. मी तापून लाल झाले होते. आता पाना फिरला असता, तर बुश प्लगसोबत बाहेर आली असती. ना गाडी, ना बीज, ना तळं. मला ओरडायचं होतं, पण बंद इंजिनाला कुठला आवाज!

धुरपताने मान वळवली आणि तिला पाना दिसला. तिलाही ओरडता येत नव्हतं. तिने झपकन वाकून आपला पंजा प्लगवर ठेवला. तापलेल्या प्लगवर, उघडा पंजा. पाना तिच्या बोटांवर आदळून थांबला. तिने ओठ दाबून धरले, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात काढला नाही. लटारूभाऊंनी आधी हाताकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे, आणि मग ते भानावर आले. त्यांनी पाना मागे घेतला आणि लांब झुडपात भिरकावून दिला. तो कुठे पडला तेही त्यांनी पाहिलं नाही.

गवे सावकाश जंगलात उतरले. लटारूभाऊंनी प्लगची टोपी पुन्हा चढवली. “पोरी, मले माफ कर,” ते पुटपुटले. “हात आंधळा झाला होता माहा.” धुरपताने भाजलेल्या पंजाला ओलं फडकं गुंडाळलं. “बसा मामाजी, पिल्लं तडफडून राह्यली,” एवढंच ती बोलली आणि तिने किक मारली. एकच किक. मी दुसरी मारू दिली नाही.

तळ्यावर सगळा गट गुडघाभर पाण्यात उभा होता. डाली उतरवायला पहिला हात लावला तो प्रफुलने. उतरवता उतरवता त्याने माझ्या टाकीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “म्हातारीनं आनलं बाप्पा! चुकलो मी.” मनकर्णाबाई पिशव्या लगेच फोडणार होत्या, पण धुरपताने अडवलं. “आधी पिशव्या तरंगू द्या बाई. पानी पान्याले भेटू द्या, मंग सोडू.” पिशव्या तळ्यावर डोलू लागल्या. मग एकेक तोंड उघडलं आणि पिल्लं पाण्यात मिसळून गेली. लटारूभाऊ जन्मभर या तळ्यातून मासोळ्या काढत आले होते. सोडायची वेळ पहिल्यांदाच आली होती. शेवटची पिशवी त्यांनी सोडली आणि ते तसेच पाण्यात उभे राहून रडले.

आता गावातला कुणी प्लग कमरेला बांधत नाही. मोहाखाली आम्ही गाड्या प्लगासकट उभ्या असतो आणि अजून तरी कुठला चोर फिरकलेला नाही. निम्मं गाव इसरूभाऊंच्या लेथवर जाऊन पोलादाची बुश बसवून आलं. पण पहिला मान माझा. धुरपताच्या पंजावरचा डाग अजून आहे. ती हँडल धरते तेव्हा तो मला लागतो.

मित्रांनो, एवढंच मागते. ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे, तिला कसं जपायचं हे आधी एखाद्या जाणत्याला विचारून घ्या, कारण नुसत्या मायेनेही वस्तू मरते. तापलेल्या इंजिनाला निवू द्या. प्लग बोटाने फिरवा, अडला तर मागे घ्या. आणि कधी बोडीटोल्याला आलात, तर तळ्याच्या पाळीवर जरा थांबा. संध्याकाळी पाण्यावर रोहू उडी मारताना दिसेल. तो रोहू या बायांचा आहे, आणि तो तळ्यात माझ्या पाठीवर बसून आला आहे.